गिडियन वॅडलीचा उशाचा दगड

१

हॅडलो नेकच्या जुन्या दफनभूमीतून आजवर कुणी उठून गेलं नव्हतं. ऑगस्टमधल्या त्या शनिवारी सकाळी गिडियन वॅडली गेला. म्हणजे तो स्वतः नव्हे. त्याच्या उशाचा दगड गेला.

ही बातमी घेऊन दफनभूमीचा रखवालदार पर्ली बार्टलेट डॉक्टर आसा फेअरबँक यांच्या दारात आला. डॉक्टरांचे बहुतेक पेशंट यथावकाश पर्लीच्या ताब्यात जात आले होते, त्यामुळे दोघांचे संबंध जुने आणि धंद्याचे होते.

"डॉक्टर, गिडियन गेला."

"त्याला जाऊन अडीचशेच्या वर वर्षं झाली, पर्ली. तेव्हा मी प्रॅक्टिस करत नव्हतो. माझ्यावर ढकलू नकोस."

"थट्टा नाही हो. उशाचा दगड गेलाय. पायथ्याचा तेवढा उरलाय."

डॉक्टरांनी कॉफीचा कप खाली ठेवला. सत्तरी उलटून गेली होती, दवाखाना बंद केला होता. पण गावात कुणी अवचित मेलं की ते कशानं मेलं हे ठरवायचं सरकारी काम त्यांनी अर्धं आयुष्य केलं होतं, आणि ती सवय काही सुटली नव्हती. शिवाय प्रकरण साधं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वॅडली कुटुंबाचा मेळावा होता. पहिला वॅडली, म्हणजे हाच गिडियन, इंग्लंडहून जहाजानं आला त्याला यंदा तीनशे वर्षं होत होती. ओहायोपासून पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंतचे वॅडली गावात येऊन उतरले होते, आणि पाव विकणारा सोडून बाकी गाव हैराण होतं.

वॅडली इंग्लंडातून आले हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इंग्लंडातल्या कुठल्या गावातून, हे सांगणारी अख्ख्या अमेरिकेत एकच वस्तू होती. पाटीच्या काळ्या दगडाची, वर पंखवाली कवटी, खाली गिडियनचं नाव आणि त्याखाली 'सफोकातल्या थॉर्नबी गावचा' अशी ओळ. हा दगड शतकानुशतकं जमिनीत गडप झालेला होता. वीस वर्षांपूर्वी ओरिन वॅडलीनं तो उकरून काढला आणि त्याच्या आधारावर सगळ्या घराण्याची वंशावळ रचली. उमेदीचे दिवस माणसं दारूत घालवतात, बायकांत घालवतात. ओरिननं पणजोबांत घालवले.

आणि हा ओरिन डॉक्टरांचा शाळेपासूनचा मित्र होता. 'अरे आसा' म्हणून हाक मारणारा गावात तो एकटाच उरला होता. बाकीचे पर्लीकडे होते.

दफनभूमीत पोहोचेपर्यंत तिथं गर्दी जमली होती. खड्ड्याच्या एका बाजूला ओरिन टोपी हातात घेऊन उभा होता, दुसऱ्या बाजूला त्याचा चुलतभाऊ लेम्युएल ओरडत होता.

"ज्यानं गाडला त्यानंच उपटला! वीस वर्षं सांगतोय, दगड खोटा आहे. आज इंग्लंडहून दगड तपासायला बाई येणार म्हटल्यावर दगडाला पाय फुटले!"

"लेम्युएल, सकाळची वेळ आहे. जरा हळू," डॉक्टर म्हणाले.

कुटुंबसंघाच्या अध्यक्ष अ‍ॅडलेड स्ट्राउड ओहायोहून आल्या होत्या. बाई रुंद होत्या आणि त्यांची हॅट त्यांच्याहून रुंद होती. "डॉक्टर, तुम्ही घरचे नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. उद्याच्या जेवणापर्यंत दगड कुणी नेला ते शोधून द्या. नाही सापडलं तर मी शेरीफला बोलावणार. आणि लोक ज्याचं नाव घेतायत, तेच मलाही घ्यावं लागेल."

त्यांनी ओरिनकडे बघितलं नाही. न बघण्यातही एक पद्धत असते.

"ओरिन, तुला काय म्हणायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दगड होता," ओरिन म्हणाला. "आता नाही."

डॉक्टर गुडघ्यावर बसले. उठताना त्रास होणार हे माहीत असूनही बसले. चोर घाईत असतो असं म्हणतात. हा चोर झाडलोट करून गेला होता. गवताचे गड्डे कापून बाजूला नीट रचलेले, माती एका जागी लोटलेली. खड्ड्याला चिकटूनच पायथ्याचा छोटा दगड शाबूत उभा होता. त्याच्या खडबडीत कडेला निळ्या लोकरीचे दोन-चार धागे अडकले होते.

डॉक्टर त्या धाग्यांकडे बघत राहिले. चोरून नेलेल्या दगडाला कुणीतरी पांघरूण घातलं होतं.

२

लेम्युएल दुकानाच्या व्हरांड्यात पिंपावर बसलेला सापडला. तो आणि ओरिन समोरासमोर राहत आणि वीस वर्षं एकमेकांशी फक्त पोस्टानं भांडत.

"मी नेला? मी?" लेम्युएलच्या मिशा थरथरल्या. "अहो डॉक्टर, मी या दिवसावर जगतोय! इंग्लंडची बाई येणार, दगडाकडे बघणार, 'खोटा' म्हणणार, आणि मी ओरिनच्या तोंडाकडे बघणार. एवढं एकच पक्वान्न मागितलं होतं देवाकडे. कुणीतरी ताटच उचललं!"

"खोटा कशावरून म्हणतोस?"

"ओरिनला सापडला त्यावरून."

"आणखी काही?"

"आणखी कशाला पाहिजे? माझ्या आजोबांची शाखा थोरली. सापडायचा तर मला सापडला असता."

डॉक्टरांनी मान डोलावली. वेड्यांच्या तपासणीचा त्यांना अनुभव होता. हा वेडा नव्हता, नुसता चुलतभाऊ होता.

अ‍ॅडलेडबाई चर्चमागच्या कुरणात तंबू ठोकून घेत होत्या. दोर सैल आहे, बाक तिरका आहे, असं त्या एकाच वाक्यात चौघांना सांगत होत्या.

"मी कशाला नेऊ? उद्या दगडाशेजारी माझा फोटो ठरला होता. वर्तमानपत्राचा माणूस येणार आहे. आता काय खड्ड्याशेजारी उभी राहू?"

"तुम्ही तो पहिल्यांदा कधी बघितलात?"

"महायुद्ध संपल्यावर. त्याआधी मी ओहायो सोडलंच नव्हतं. खरं सांगू? मला तो जरा भेसूर वाटला. पण पूर्वज म्हटला की चालवून घ्यावं लागतं."

परतताना डॉक्टरांनी हिशेब मांडला. दगड खोटा ठरावा असं ज्याला वाटत होतं, त्याला तो जागेवर हवा होता. दगड खरा ठरावा असं जिला वाटत होतं, तिलाही तो जागेवरच हवा होता. म्हणजे ज्यानं नेला, त्याला दगड खरा-खोटा काहीच ठरू द्यायचा नव्हता. तो कुणी बघूच नये, एवढंच हवं होतं.

सगळ्या वाटा एका घराकडे जात होत्या, आणि त्या घरी डॉक्टर दर शनिवारी बीन्स खायला जात. पाय तिकडे वळले होते. ते त्यांनी ओढून परत दफनभूमीकडे वळवले. आरोपी मित्र निघणार अशी शंका आली की चांगला तपास करणारासुद्धा आधी दुसरीकडे शोधून बघतो.

३

पर्ली गवत कापत होता आणि शिव्या देत होता. दोन्ही कामं तो एकाच लयीत करी.

"कंबर गेली, डॉक्टर. वडिलांमुळे गेली."

"वडील जाऊन जमाना झाला, पर्ली."

"जाऊ देत. कंबर तेव्हाचीच गेलीय. गावानं घोड्यानं ओढायचं गवत-यंत्र घेतलं होतं, आठवतंय? मी मिसरूड फुटलेला पोऱ्या. ते यंत्र घेऊन वडील इथं शिरले आणि पहिल्याच फेरीत पातं मोडलं. का, तर पायथ्याचे दगड! दर मुडद्याच्या उशाशी एक मोठा दगड आणि पायाशी एक बुटका. यंत्र जाणार कुठून? मग गावानं ठरवलं, पायथ्याचे सगळे दगड उपटा आणि उशाच्या दगडांना चिकटवून लावा. मी उपटले ते सगळे. तेव्हापासून इथं सगळे मुडदे पाय डोक्याशी घेऊन निजलेत."

डॉक्टरांना ते आठवत होतं. त्याआधीचंही आठवत होतं. ते आणि ओरिन शाळा बुडवून इथं पकडापकडी खेळत, तेव्हा गवतात लपलेले ते बुटके दगड बरोबर नडगीवर लागत. दोघांच्याही डाव्या नडगीवर व्रण होता. ओरिनला त्याच्या वेळी टाके हवे होते, पण डॉक्टर तेव्हा आठ वर्षांचे होते.

ते गिडियनच्या खड्ड्याशी आले. पायथ्याचा दगड खड्ड्याला चिकटून उभा होता, इथल्या इतर सगळ्यांसारखा. सकाळपासून त्यांना काहीतरी खुपत होतं, ते हेच.

"पर्ली, हे दोन दगड ओरिनला सापडले तेव्हा असेच शेजारी-शेजारी होते?"

"हो तर. दोन्ही जमिनीखाली, गालाला गाल लावून. मीच फावडं दिलं होतं."

"मग याच्या पायथ्याचा दगड कुणी हलवला? तू?"

"जमिनीच्या पोटात होता तो, डॉक्टर. यंत्राला अडत नव्हता. न दिसणारा दगड मी कशाला हलवू? कंबर काय फुकटची होती?"

तो पुढच्या रांगेकडे गेला. डॉक्टर उभेच राहिले.

यंत्र येण्याच्या कितीतरी आधी जमिनीत बुडालेली कबर. तिचे दगड कुणी हलवलेले नाहीत. मग पायथ्याचा दगड पायथ्याशीच सापडायला हवा होता, माणूसभर लांब, पूर्वेकडे. तो उशाशी सापडला, याचा अर्थ ते दगड यंत्र आल्यानंतर कुणीतरी तिथं पुरले होते. आणि पुरणाऱ्यानं कबरी अशाच असतात असं समजून पुरले होते, कारण जन्मल्यापासून त्यानं त्या तशाच पाहिल्या होत्या.

ओरिननं ही चूक करणं शक्य नव्हतं. त्याच्या नडगीलासुद्धा ते ठाऊक होतं. लेम्युएल त्याच वयाचा, त्यानंही ती केली नसती. ओहायोच्या बाई तेव्हा इथं नव्हत्याच.

ओरिन सुटला! डॉक्टरांना इतकं हलकं वाटलं की ते चक्क गिडियनच्या शेजाऱ्याच्या दगडावर टेकले. पण आनंद पुरता टेकण्याआधीच पुढचा विचार आला. दगड कोरणारा यंत्रानंतर इथंच वाढलेला, वीस वर्षांपूर्वी तरुण असलेला कुणीतरी होता. पाटीच्या दगडावर छिन्नी चालवता येणारा. आणि थॉर्नबी हे नाव माहीत असलेला; ते तर त्या वेळी ओरिनच्या घराबाहेर कुणाच्या कानावरही गेलं नव्हतं.

असा एकच मुलगा या गावात झाला होता. त्याला जगात आणायला डॉक्टरच गेले होते.

४

इंग्लंडच्या बाई, अर्सुला केटलवेल, खाणावळीच्या व्हरांड्यात चहाकडे बघत बसल्या होत्या. चहा त्यांच्याकडे बघत होता. दोघांपैकी कुणी पुढाकार घेत नव्हतं. खेडोपाडीच्या चर्चमधून लोकांचे पूर्वज हुडकणं हा बाईंचा धंदा होता, आणि अ‍ॅडलेडबाईंनी त्यांना खास बोलावून घेतलं होतं.

"दगड चोरीला गेल्याचं ऐकलं. वाईट झालं," बाई म्हणाल्या. "नेणाऱ्याचे श्रम फुकट गेले म्हणून वाईट."

"म्हणजे?"

"मला दगड बघायचाच नव्हता, डॉक्टर. मी येण्यापूर्वी थॉर्नबीला जाऊन आले. तिथं गिडियन वॅडली नावाचा मुलगा जन्मला होता. तुमच्या मिस्टर ओरिन यांनी तिथल्या पाद्रीबुवांना फार पूर्वी विचारलं होतं, त्यांनी त्याच्या बाप्तिस्म्याचं कळवलं. अगदी बरोबर कळवलं."

"मग?"

"तो मुलगा तीन वर्षांचा व्हायच्या आतच वारला. चर्चच्या आवारातच पुरलाय. आईशेजारी."

खाली रस्त्यावरून वॅडलींची एक मोटार हॉर्न वाजवत गेली. कुणीतरी हात हलवला. डॉक्टरांनीही हलवला.

"पाद्रीबुवांनी हे का नाही कळवलं?"

"विचारलं नव्हतं. मिस्टर ओरिन यांनी जन्माबद्दल विचारलं होतं." बाईंनी बशी सरळ केली. "आमच्याकडे न विचारलेलं सांगणं शिष्टाचाराला धरून नाही."

"मग आमचा गिडियन कुठला?"

"ते मला माहीत नाही. बहुधा कधीच कुणाला कळणार नाही. जहाजानं आलेल्यांपैकी बहुतेकांचं कळत नाही, डॉक्टर. लोक मला बोलावतात ते कळावं म्हणून. मी मात्र जिथं जाते तिथं एक दार लावून येते." त्यांनी शेवटी चहाचा घोट घेतला, आणि आपली भीती खरी ठरल्यासारखा चेहरा केला. "उद्या जेवणाच्या वेळी सांगावं लागेल. त्यासाठीच बोलावलंय मला."

५

लिडिया वॅडली स्वयंपाकघरात बीन्सच्या मडक्यात काकवी ओतत होती. डॉक्टर आले तरी तिनं मागं वळून बघितलं नाही. ते नेहमीचंच होतं. मात्र स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीचं दार बंद होतं, आणि हे नेहमीचं नव्हतं. या भागातल्या जुन्या घरांत अशी एक खोली असतेच. चुलीची ऊब मिळते म्हणून बाळंतपणं तिथं होतात, आणि पुढे त्याच सोयीसाठी म्हातारी माणसं तिथंच मरतात.

"लिडिया, तुझी ती निळी घोंगडी कुठाय?"

"वाळत घातलीय."

"दोरीवर तर काही नाही."

"मग वाळली असेल."

"दार उघडू?"

"बीन्स व्हायला अजून वेळ आहे, आसा. घरी जाऊन ये."

आतून ओरिनचा आवाज आला. "येऊ दे गं त्याला. तो यायचाच होता."

पलंगावर दगड निजला होता. निळी घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली, वर फक्त पंखवाली कवटी दिसत होती. भारानं पलंग मधोमध खचला होता. ओरिन शेजारच्या खुर्चीत बसला होता, आजाऱ्याजवळ बसतात तसा.

"तुम्ही दोघांनी आणला?"

"ढकलगाडीवरून. तिनं ढकलली. मी मधेमधे छातीला हात लावून उभा राहिलो."

डॉक्टरांनी खड्ड्याकाठी बांधलेला सगळा अंदाज एकेक करून सांगितला. गवत-यंत्र, पायथ्याचे दगड, नडगी, छिन्नी. ओरिन मान हलवत ऐकत होता, दुसऱ्याच्या शेताबद्दल ऐकावं तसा.

"म्हणजे तुझ्या सायलसनं कोरला," डॉक्टर म्हणाले. "तू इंग्लंडातला गिडियन शोधलास, इथला गिडियन शोधलास, आणि दोघांना जोडणारं काही तुला सापडेना. वर्षानुवर्षं जेवताना तू तेच बोलत होतास. पोरगा दगडाच्या कारखान्यात शिकाऊ होता. त्यानं तुला जोडून दिलं. तुला हे कधी कळलं, ओरिन?"

"खड्ड्यात उतरलो तेव्हाच." ओरिननं नडगी चोळली. "दोन दगड गालाला गाल लावून बसलेले बघितले आणि कळलं, गाढवानं चूक केली. मग वर बघितलं. सायलस काठावर उभा. एवढा ताडमाड वाढलेला, पण चेहरा असा की आपण वडलांना भेट आणलीय आणि वडील अजून पुडकं सोडतायत. मी काय म्हणायला पाहिजे होतं, आसा?"

"काय म्हणालास?"

"'सापडला!' म्हणालो. जोरात म्हणालो. पर्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात."

बाहेर मडक्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"वाटलं, संध्याकाळी त्याला बाजूला घेऊ. मग वाटलं, थँक्सगिव्हिंगचा सण होऊ दे. मग लढाई आली. तो फ्रान्सला गेला." ओरिन घोंगडीची सुरकुती सारखी करू लागला. "तिकडून त्याचं काहीच परत आलं नाही. पुरायलासुद्धा काही नाही. कारखान्यात त्याला नुसत्या कडा घासायला द्यायचे, पुरा दगड असा त्यानं हा एकच केला. लोकांच्या पोरांवर दगड असतात. माझ्या पोराचा दगड हाच, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं आहे."

"वीस वर्षं त्याच्यावर वंशावळ रचलीस."

"मग काय करणार होतो? खाली तर कुणी नव्हतं. वरच चढत गेलो."

डॉक्टरांनी घोंगडीचं सरकलेलं टोक दगडावर ओढलं.

"उद्या अ‍ॅडलेड तुझं नाव घेणार, ओरिन."

"घेऊ दे. चोर म्हणू देत, लबाड म्हणू देत, वंशावळीचं पुस्तक चुलीत घालू देत. फक्त यात सायलसचं नाव यायला नको. कुटुंबात त्याचं नाव आहे तसं स्वच्छ राहू दे. एवढं एक करशील?"

"करीन," डॉक्टर म्हणाले.

केटलवेलबाईंचं बोलणं त्यांच्या जिभेवर होतं. सगळ्या प्रॅक्टिसमध्ये त्यांनी वाईट बातमी कधी दुसऱ्या दिवसावर टाकली नव्हती. त्या दिवशी टाकली, आणि बीन्स खाऊन घरी गेले.

६

रविवारी तंबूत इतके वॅडली बसले होते की तीच ती नाकं बघून चक्रावल्यासारखं व्हावं. तंबूच्या मधोमध अ‍ॅडलेडबाईंनी स्वतःच्या हातानं केलेलं घराण्याचं झाड टांगलं होतं. हिरव्या पुठ्ठ्याची पानं, प्रत्येकावर एक नाव. सगळ्यांत वर थॉर्नबी, त्याखाली गिडियन, आणि मग बापाच्या पानाला पोराचं पान दोऱ्यानं बांधत बांधत ते पार बाकांपर्यंत लोंबत आलं होतं. वारा आला की आख्खं घराणं खुळखुळे.

पाव फिरला, बीन्स फिरल्या, आणि केटलवेलबाई उठल्या. त्यांनी सगळं सांगायला फार शब्द वापरले नाहीत. थॉर्नबीचा गिडियन थॉर्नबीतच आहे. दगडावरची ओळ खरी असू शकत नाही. ती कोरणाऱ्याला पोर मेल्याचं माहीत नव्हतं. त्या खाली बसल्या आणि त्यांनी हातरुमाल घडी केला.

अ‍ॅडलेडबाई बाकावर चढल्या आणि त्यांनी कात्रीनं थॉर्नबीचं पान कापून काढलं. बाकी झाड तसंच लोंबत राहिलं. मुळाशिवाय उभं राहायची अमेरिकेतल्या झाडांना सवय असते.

ओरिन पांढरा पडला होता. तो डॉक्टरांकडे बघत होता, 'तुला माहीत होतं?' असं. डॉक्टरांनी मान खाली घातली.

मग लेम्युएल उठला. वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण त्याच्या हातात गरम गरम आला होता.

"कोरणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणे! पण कोरणारा कोण? थॉर्नबीचं नाव कुणाच्या घरात होतं? आणि बाबांनो, त्या घरात छिन्नी कुणाच्या हातात असायची? आठवून बघा! तो पोरगा, ओरिनचा—"

"मी," ओरिन म्हणाला.

तो उभा राहिला होता. लिडियानं त्याचा कोट मागून धरला होता. पाडायला की सावरायला, हे सांगता आलं नसतं.

"मी कोरला. पोराची हत्यारं चोरून वापरली. मी गाडला, मी उकरला, आणि काल मीच उपटून नेला. पोराला यातलं काही माहीत नव्हतं."

"तुला साधी खुंटी ठोकता येत नाही!" लेम्युएल ओरडला. आपण त्याची बाजू मांडतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"शिकलो होतो," ओरिन म्हणाला.

सगळी तोंडं डॉक्टरांकडे वळली. तपास त्यांच्याकडे होता. उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं. एका वाक्याचं उत्तर, कुठल्याही कोर्टात टिकलं असतं. ओरिननं डाव्या पायाची विजार वर केली असती तरी पुरे होतं. पण त्या वाक्यानं ओरिन सुटला असता आणि फ्रान्सच्या चिखलात कुठंतरी पडलेला एक पोरगा पकडला गेला असता.

"डॉक्टर?" अ‍ॅडलेडबाई म्हणाल्या. "बरोबर आहे हे?"

"ओरिन म्हणतो ते बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "दगड त्याच्या घरी आहे. मी बघितला."

लेम्युएलला जिंकल्याचा आनंद एखादा घास टिकला असेल. मग तो हळूच खाली बसला. रस्त्यापलीकडे आता भांडायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचंही वय झालं होतं.

अ‍ॅडलेडबाई अजून बाकावरच होत्या. त्या दुष्ट नव्हत्या. पण ओहायोहून एवढी माणसं आली होती, वर्तमानपत्राचा माणूस वही काढून बसला होता, आणि हातात कात्री होती. "ओरिनकाका, वाईट वाटतं. पण पूर्वजांशी लबाडी करणाऱ्याचं पान या झाडावर ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. ओरिननं मान हलवली. हे तो धरूनच चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर, डॉक्टर सोडून कुणाला कळणार नाही असं, समाधान होतं.

कात्री चालली. ओरिनचं पान अ‍ॅडलेडबाईंच्या हातात आलं, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेलं सायलसचं पान त्याच्याबरोबर आलं.

ओरिन तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मग बाकं ओलांडत, लोकांच्या गुडघ्यांना धडकत पुढं गेला.

"पोराचं नको. पोरानं काही केलं नाही. त्याचं राहू दे, अ‍ॅडलेड. मी सांगितलं ना, त्याला माहीत नव्हतं."

अ‍ॅडलेडबाईंनी झाडाकडे बघितलं. त्यांनी खरोखरच बघितलं, वर, खाली, दोन्ही बाजूंना. रिकामा दोरा वाऱ्यानं हलत होता.

"राहू दिलं असतं हो, काका," त्या म्हणाल्या. "पण आता कुणाच्या पानाला बांधू?"

बऱ्याच वेळानं कुणीतरी शेजाऱ्याकडे पाव सरकवला, आणि शेजाऱ्यानं तो घेतला.